रेषेची अट

ज्याचे उमेदीचे सारे आयुष्य प्रथम माध्यमिक शाळेत व पुढे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकविण्यात गेले, त्याला निवृत्तीनंतर कोणी विचारले की एवढ्या वर्षांत कोणता भाग शिकविताना तुम्ही स्वतः सर्वांत अधिक शिकलात, तर विचारणाऱ्याची अपेक्षा बहुधा अशी असते की उत्तर कलनशास्त्राचे किंवा संभाव्यतेचे येईल. माझे उत्तर निर्देशक भूमितीच्या पहिल्या दोन प्रकरणांचे आहे, जेथे बिंदू आणि सरळ रेषा यांच्यापलीकडे काही नसते, वर्तुळदेखील अजून आलेले नसते. परीक्षेच्या दृष्टीने हा भाग हुकमी गुणांचा मानला जातो. अंतराचे सूत्र, विभाजनाचे सूत्र, चढाचे सूत्र आणि रेषेच्या समीकरणाची चार-पाच रूपे एवढी सामग्री पाठ करून तीत आकडे भरता आले की विद्यार्थी निर्धास्त होतो, पालक निर्धास्त होतात आणि पुष्कळदा शिक्षकही. या निर्धास्तपणात विषयाचा गाभा हातातून निसटतो, हे मला कोणत्याही ग्रंथाने दाखविले नाही. ते माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांनी दाखविले.

एका वर्षीच्या वर्गात एक मितभाषी मुलगा होता. उदाहरणे तो बिनचूक सोडवी, आणि प्रश्न सहसा विचारीत नसे. फळ्यावर ३क्ष + ४य = २४ ही रेषा काढून, ती क्ष-अक्षाला (८, ०) येथे आणि य-अक्षाला (०, ६) येथे छेदते एवढे सांगून मी पुढच्या उदाहरणाकडे वळत असता तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, चित्रात रेषा आहे, ती दिसते. पण या समीकरणात ती कुठे आहे?" वर्गात हशा पिकला. तथापि त्याला जे खटकले ते खटकण्यासारखेच होते. कारण तोपर्यंतच्या सर्व इयत्तांत समीकरण म्हणजे सोडवून टाकावयाची गोष्ट, जिच्यातून अखेरीस क्षची एक निश्चित किंमत हाती यावयाची, अशीच त्याला शिकवण मिळाली होती, आणि येथे तर समीकरण एक, अज्ञाते दोन, उत्तर म्हणून हाती काहीच लागत नाही, आणि तरीही शिक्षक निःशंकपणे सांगतात की ही रेषा आहे.

उत्तरादाखल मी प्रत्येकाला मनाने एकेक बिंदू निवडावयास सांगितला, आणि फळ्याचे दोन भाग करून असा शिरस्ता ठरविला की ज्या बिंदूचे निर्देशक समीकरणात घातल्यावर दोन्ही बाजू सारख्या येतील तो डावीकडे लिहावा, बाकीचे उजवीकडे. उजवा भाग भराभर भरला. डावीकडे प्रथम (४, ३) आला, मग कोणी हिशेब करून (१२, −३) आणला, कोणी अपूर्णांकांकडे वळला. आणि तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली की डावीकडचे बिंदू कधी संपणारच नाहीत आणि ते सगळे त्या एकाच रेषेवर पडत राहणार. समीकरण ही बिंदूंना घातलेली अट आहे आणि ती अट पाळणाऱ्या समस्त बिंदूंचा समुदाय म्हणजे रेषा, हे वाक्य पाठ्यपुस्तकात छापलेले असतेच. परंतु छापलेले वाक्य वाचणे आणि दोन्ही याद्या आपल्या हातांनी भरून त्या वाक्याशी येऊन पोहोचणे यांत जे अंतर आहे ते त्या दिवशी मला स्पष्ट दिसले, आणि पुढे मी रेषा शिकविण्यास नेहमी त्या दोन याद्यांपासूनच आरंभ केला.

उजवीकडच्या यादीचे मोल मला तर डावीपेक्षाही अधिक वाटत आले आहे. (५, ६) हा बिंदू घातला तर ३क्ष + ४य ची किंमत ३९ येते, म्हणजे अटीपेक्षा १५ ने अधिक. आरंभबिंदू घातला तर शून्य, म्हणजे २४ ने कमी. अधिक येणारे सारे बिंदू रेषेच्या एका अंगाला आणि कमी येणारे सारे दुसऱ्या अंगाला असतात, हे मुले यादी पाहूनच ओळखतात. परंतु गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ३ आणि ४ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ५, त्याने त्या १५ ला भागले की ३ येतात, आणि (५, ६) हा बिंदू रेषेपासून बरोबर ३ एकक लांब असतो. आरंभबिंदूचे लंबांतर त्याच रीतीने ४.८ निघते, आणि त्याचा ताळाही तेथल्या तेथे पाहता येतो. दोन अक्ष आणि ती रेषा मिळून जो काटकोन त्रिकोण होतो त्याच्या बाजू ८ व ६, कर्ण १० आणि क्षेत्रफळ २४, तेव्हा कर्णालाच पाया धरला तर उंची ४.८ च आली पाहिजे. अट न पाळणारा बिंदू केवळ नापास ठरून बाजूला पडत नाही, तो कोणत्या अंगाला चुकला आणि कितीने चुकला याचा दाखला आपल्याबरोबर घेऊन येतो, ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली त्याला लंबांतराचे सूत्र पाठ करावे लागत नाही.

या समजुतीची खरी कसोटी लागली ती एका दृष्टिहीन विद्यार्थिनीमुळे. अंधशाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन ती आमच्याकडे अकरावीत आली होती. अंकगणित ती टेलर फ्रेमवर खिळे बसवून वेगाने करी, आणि भूमितीच्या आकृत्यांचा भाग मात्र तिला आजवर प्रत्येकाने सवलत म्हणून सोडावयास सांगितला होता. निर्देशक भूमिती आली तेव्हा मी एका जाड पुठ्ठ्यावर टाचण्या रोवून, त्यांना दोरा ताणून अक्ष व रेषा तयार केल्या. तिने त्या एकदा बोटांनी चाचपून पाहिल्या, मला बरे वाटावे म्हणून एक-दोन प्रश्नही विचारले, आणि पुठ्ठा बाजूला ठेवला. त्याच आठवड्यात मी वर्गाला विचारले की (१, २) आणि (६, ५) यांना जोडणारा रेषाखंड आपल्या त्या ३क्ष + ४य = २४ या रेषेला छेदील किंवा नाही. इतर मुले आलेखकागद काढून बिंदू मांडू लागली. ती म्हणाली, "पहिला तेराने कमी पडतो, दुसरा चौदाने जास्त होतो, म्हणजे छेदणार." आणि क्षणभर थांबून तिने पुढे म्हटले की छेदनबिंदू त्या खंडाचे १३ : १४ या प्रमाणात विभाजन करीत असला पाहिजे. विभाजनाचे सूत्र तोवर वर्गात झाले होते, परंतु त्याचा या प्रश्नाशी संबंध मी सांगितलेला नव्हता. आलेखकागदावर रेघ मारून बसलेल्यांना "साधारण मध्यावर" एवढेच म्हणता येत होते.

त्या प्रसंगाने माझ्या अध्यापनाला खरे वळण दिले. आकृती ही या विषयाची सोबतीण आहे, ती मनाला धीर देते, दिशा सुचविते, आणि तिला हद्दपार करावे असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु आकृती म्हणजे तो विषय नव्हे. फ्रान्समध्ये देकार्तने १६३७ साली आपल्या तत्त्वचिंतनपर ग्रंथाला जोडून जी भूमिती प्रसिद्ध केली तिचे आणि त्याच सुमारास फर्माने स्वतंत्रपणे लिहिलेल्या, परंतु त्याच्या मृत्यूनंतर १६७९ मध्ये छापल्या गेलेल्या प्रबंधाचे मर्म हेच आहे की बिंदूने पाळावयाची अट बीजगणिताच्या भाषेत लिहिता येते आणि मग त्या अटीवरच बीजगणिताचे सारे नियम चालविता येतात. अंथरुणात पडल्या पडल्या छतावरची माशी पाहून देकार्तला निर्देशक सुचले अशी एक गोष्ट शिक्षकवर्गात फार लोकप्रिय आहे. ती मी वर्गात सांगत नसे, कारण तिला त्याच्या काळचा आधार नाही, आणि शिवाय तिच्यामुळे मुलांची अशी समजूत होते की ही एक योगायोगाने सुचलेली युक्ती होती. वस्तुतः तो प्राचीन ग्रीक गणिती पॅपसच्या काळापासून, म्हणजे शतकानुशतके पडून असलेल्या, दिलेल्या रेषांपासूनच्या अंतरांसंबंधीच्या एका बिकट प्रश्नाशी झुंजत होता. आज आपण फळ्यावर काढतो तसे दोन काटकोनी अक्षही त्याच्या ग्रंथात आढळत नाहीत. आकृतीतलीच एखादी सोयीची रेषा धरून तो तिच्यावरून मोजू लागतो.

क्ष = ५ या समीकरणाविषयीही येथे सांगितले पाहिजे, कारण एवढ्या लहान समीकरणाने एवढा गोंधळ दुसरीकडे कोठे होत नसेल. मुले त्याला बिंदू समजतात, आणि संख्यारेषेवर तो बिंदू असतोही. प्रतलात ती उभी रेषा कशी होते याचा खुलासा मी नाना प्रकारे करीत असे. परंतु सर्वांत चांगला खुलासा एका शेतमजुराच्या मुलीने केला. ती म्हणाली, "यवर काही बंधनच नाही सर, म्हणून त्याचं नाव घेतलं नाही." अट कोणावर आहे आणि कोणाला मोकळीक आहे, एवढे पाहिले की उभ्या रेषेला चढ का नाही याचेही उत्तर मिळते, चढ म्हणजे क्ष एकाने वाढल्यास य कितीने वाढतो ते प्रमाण, आणि येथे क्षला हलण्याची मुभाच नाही.

ऋण निर्देशकांच्या बाबतीत मात्र मला परक्या मुलखात जावे लागले नाही. ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एक त्रिकोण दिला आहे, ज्याची भूमी ९ आणि दोन भुजा १० व १७ आहेत. शिरोबिंदूतून भूमीवर लंब टाकला असता तिचे जे दोन खंड पडतात, त्यांतील एक १५ येतो आणि दुसरा ऋण ६; आणि आचार्य या ऋणाला अशक्य म्हणून टाकून न देता त्याचा अर्थ दिशा उलट आहे असा करतात, म्हणजे लंब भूमीच्या बाहेर पडतो. आता हाच त्रिकोण आपल्या अक्षांवर मांडावा. भूमीची टोके (०, ०) आणि (९, ०), शिरोबिंदू (−६, ८). आरंभबिंदूपासून त्याचे अंतर १०, दुसऱ्या टोकापासून १७, सारे जागच्या जागी बसते. ज्यांच्या नातवाने कोरविलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजही आहे, त्या आचार्यांनी दिशा आणि चिन्ह यांची ही सांगड एवढ्या पूर्वी घातली होती, हे सांगताना मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटे तो मला फार प्रिय होता; परंतु म्हणून निर्देशक भूमितीचा शोध आपल्याकडेच लागला असे मी त्यांना कधी सांगितले नाही, कारण ते खरे नाही, आणि जे खरे आहे ते पुरेसे मोठे आहे.

आमचा तालुका शेतीचा. मुलांच्या घरी दप्तरात बांधलेले सातबाऱ्याचे उतारे, जुने नकाशे, क्वचित एखाद्या टिपणाची नक्कल असावयाची. इ.स. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून जमाबंदीच्या ज्या पद्धतीस आरंभ केला, ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली, आणि तिच्याबरोबर जमीन मोजण्याचा रिवाजही गावोगाव रुजला. शेतातून एक सरळ रेषा धरावयाची, आणि तिच्या कोणत्या ठिकाणाहून किती लंबावर बांधाचा कोपरा येतो ते टिपून ठेवावयाचे. म्हणजे रेषेवरचे अंतर हा क्ष आणि लंब हा य. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि एक साखळी चौरस म्हणजे बरोबर एक गुंठा. ज्या मुलाला शाळेतील निर्देशक निर्जीव वाटतात त्याचे पूर्वज हे निर्देशक पिढ्यान्‌पिढ्या ट्रंकेत जपून ठेवीत आलेले असतात.

अशाच एका मुलाने एकदा आजोबांच्या जपणुकीतली टिपणाची नक्कल वर्गात आणली. आकडे मी येथे वर्गासाठी सोपे केले होते तसेच देतो. शेताचे चार कोपरे साखळ्यांत (०, ०), (१२, १), (११, ८) आणि (१, ७) असे होते. क्षेत्रफळाचे सूत्र लावले असता लागोपाठच्या कोपऱ्यांच्या तिरप्या गुणाकारांतील फरक ०, ८५, ६९, ० येतात, बेरीज १५४, निम्मे ७७. म्हणजे एक एकर सदतीस गुंठे, आणि सातबाऱ्यावरही तेवढेच क्षेत्र होते. एवढ्यात दुसऱ्या एका मुलाने हरकत घेतली की कोपऱ्यालाच आरंभबिंदू का धरावयाचा. म्हणून वर्गाच्या अर्ध्या भागाने शेतातील विहिरीला, जी कोपऱ्यापासून (५, ३) येथे होती, आरंभबिंदू धरले. आता कोपरे (−५, −३), (७, −२), (६, ५), (−४, ४) झाले, एकही आकडा पूर्वीचा उरला नाही. फरक ३१, ४७, ४४, ३२ आले, आणि बेरीज पुन्हा १५४. शिवाय या फरकांची निमपट म्हणजे विहिरीपासून चारही कोपऱ्यांना रेषा काढल्या असता शेताचे जे चार त्रिकोण पडतात त्यांची क्षेत्रफळे, हेही मुलांच्या लक्षात आले. आरंभबिंदू शेताबाहेर रस्त्यावर नेला तर काही त्रिकोण ऋण येतात आणि जादा धरलेली जमीन आपोआप वजा करून टाकतात. मोजणारा कोठेही उभा राहो, आकडे त्याचे असतात, क्षेत्र शेताचे असते.

तो मुलगा हे सारे वहीत उतरवून घरी घेऊन गेला, आणि काही दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, सातबाऱ्यावर येक येकर सदतीस गुंठं हाय, पण पेरायला तेवढं भरत न्हाई." दक्षिणेकडील बांधाविषयी शेजाऱ्यांशी त्यांचा जुना वाद होता. त्या बांधावर दोन टोकांच्या दगडांमध्ये तिसरा एक दगड होता, आणि पोरांनी दोरी व फीत घेऊन मोजले तेव्हा तो (६, १) येथे भरला. टोकांचे दगड (०, ०) आणि (१२, १) असताना त्यांना जोडणाऱ्या रेषेवरचा, ६ साखळ्यांवरचा बिंदू अर्ध्या साखळीवर यावयास हवा. दगड आठ आणे, म्हणजे साडेसोळा फूट, आत होता. तीन दगड एका रेषेत नव्हते. आणि त्या तीन बिंदूंच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ नेमके ३ गुंठे भरले. तूट किती ते क्षेत्रफळाने सांगितले असते. ती कोणत्या बांधाला पडली हे मात्र एकरेषीयतेच्या कसोटीवाचून कळले नसते, कारण सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, बिंदू लिहिलेले नसतात.

मी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितले की वर्गातल्या या गणिताला कोणत्याही कचेरीत किंमत नाही आणि ती असूही नये. त्यांनी भूमी अभिलेखाच्या कार्यालयात मोजणीचा रीतसर अर्ज करावा, नोटिसा निघाव्यात, शेजाऱ्यांच्या समक्ष मोजणी व्हावी. तसे झाले, आणि दगड मूळ जागी आला. तो कोणी हलविला होता, की वर्षानुवर्षांच्या नांगरटीत बांधच हळूहळू सरकला होता, हे कोणाला सांगता आले नाही. दोन घरांतला अबोला मात्र मोजणीने मिटला नाही, आणि मिटेल अशी अपेक्षा गणिताकडून करणे हाही गणितावर अन्याय आहे. परंतु मोजणीच्या दिवशी शेजारच्या घरच्या मुलानेही, जो माझ्याकडेच एक इयत्ता मागे शिकत होता, आपल्या बांधाच्या टोकाला आरंभबिंदू धरून स्वतःचा हिशेब केला होता, आणि त्याचे उत्तरही तीन गुंठेच आले होते, ही गोष्ट त्याने स्वतः होऊन मला सांगितली. आपल्या घराविरुद्ध जाणारे उत्तर लपवून न ठेवण्याचे धैर्य त्याला कोठून मिळाले याची सारी कारणे मला ठाऊक नाहीत. एक कारण हे असावे की ते उत्तर त्याने स्वतःच्या बांधावरून मोजून काढले होते.

शेवटच्या काही वर्षांत मी आलेखकागद पहिल्या आठवड्यात वाटीतच नसे. कोऱ्या कागदावर चार बिंदू काढून देई, अक्ष नाहीत, चौकटी नाहीत. अक्ष ज्याने त्याने आपल्या इच्छेने काढावेत. मग प्रत्येक गटाचे निर्देशक वेगळे येत, रेषांची समीकरणे वेगळी येत, आणि त्यांतून बाजूंच्या लांब्या, क्षेत्रफळ, कोणत्या बाजू समांतर आणि कोणते तीन बिंदू एका रेषेत, एवढ्या गोष्टी सर्वांच्या सारख्या निघत. पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारीत, की मग आरंभबिंदू घ्यावयाचा तरी कोठे. याला उत्तर एकच, की जेथून हिशेब सोपा होईल तेथे. आणि त्यासाठी मी मध्यगेचा अपोलोनियसचा सिद्धांत देत असे. पायाचे टोक आरंभबिंदू धरले तर पान भरते. पायाचा मध्यबिंदू आरंभबिंदू धरून टोके (−अ, ०) आणि (अ, ०), शिरोबिंदू (क्ष, य) घेतला, तर दोन भुजांच्या वर्गांची बेरीज (क्ष + अ)² + य² + (क्ष − अ)² + य² होते, मधली पदे परस्परांना छेदून जातात, आणि उरते ते मध्यगेच्या वर्गाच्या दुपटीत निम्म्या पायाच्या वर्गाची दुप्पट मिळविल्याइतके. पाठ्यपुस्तके आजही अंतराच्या सूत्रापासून आरंभ करतात, आणि अक्ष आधीच छापून देतात. माझ्यानंतर हा भाग शिकविणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की त्यांनी मुलांकडून हा सिद्धांत दोन्ही ठिकाणांहून करवून घ्यावा. लांबचा आधी, आखूड नंतर, आणि दोन्हींच्या मध्ये एक दिवस जाऊ द्यावा.